को-ओनरशिपवर घेतलेली लॅब्राडॉर: दोन वर्षांनंतरचा अनुभव

आमच्या रेवाच्या खुब्यांच्या एक्स-रेचा ओएफएकडून (कुत्र्यांचे सांधे तपासून श्रेणी देणारी अमेरिकेतली संस्था) निकाल आला: माइल्ड, म्हणजे खुब्यांत सौम्य दोष. एक्सलंट, गुड, फेअर, बॉर्डरलाइन आणि त्याच्याही खाली हे. तिला पिल्लं होऊ द्यायची नाहीत, हे त्याच संध्याकाळी ठरलं. वाद पेटला तो वेगळ्याच गोष्टीवरून. एकेसीच्या (अमेरिकन केनेल क्लब, कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्था) कागदावरचं ब्रीडरबाईंचं, म्हणजे जिच्याकडून रेवा घेतली तिचं, नाव आता कधी निघणार?

आम्ही ओहायोत राहतो. आईबापांच्या सगळ्या तपासण्या झालेलं लॅबचं पिल्लू इथे २,५०० डॉलरला सांगत होते, को-ओनरशिपवर, म्हणजे ब्रीडरबाई कागदावर सहमालक राहतील या करारावर, तेच १,००० ला मिळालं. कुत्री आमच्या घरी, खाणं, लस, डॉक्टर सगळं आमच्याकडे. एका वेताची पिल्लं ब्रीडरबाईंची. त्यांना विचारल्याशिवाय स्पे (पिल्लं होऊ नयेत म्हणून करायचं ऑपरेशन) करायचं नाही. आणि 'पहिल्या वेतानंतर' त्या सही करून स्वतःचं नाव काढून घेणार.

माझं सगळं भांडण त्या शेवटच्या ओळीशी आहे. वेत होणारच नसेल तर काय, याबद्दल करारात अवाक्षर नाही. मालकी बदलायची तर एकेसीला सगळ्या सहमालकांच्या सह्या लागतात, आणि सहमालकांच्या भांडणात एकेसी पडत नाही. करार तुमचा, निस्तरा तुम्ही. म्हणजे दोन वर्षं जिचं सगळं मी केलं, ती कागदावर अर्धी परक्याची, आणि तेही किती काळ ते कुणी सांगू शकत नाही.

हे आधी दिसणारं होतं, याचाच जास्त राग येतो. ओएफए चोवीस महिन्यांच्या आत खुब्यांचा अंतिम निकाल देतच नाही. रेवाच्या आईबापांचे दोघांचेही खुबे 'गुड' आहेत, तरी पिल्लात दोष उतरू शकतो, कारण तो एका जनुकाचा मामला नाही. वर्षानुवर्षं लॅब वाढवणाऱ्या माणसाला हे पाठ असतं. मग करारात त्यासाठी दोन ओळी नकोत?

बाईंचं पहिलं उत्तर आलं: वेत नाही, तर किमतीतले राहिलेले १,५०० द्या, स्पे करून डॉक्टरांचा दाखला पाठवा, मग सही करते. मी साफ नकार दिला. दोष घेऊन जन्मलेलं जनावर मी सांभाळायचं, पुढे सांध्यांची औषधं मी आणायची आणि वर सूट परत करायची? हे मला अजिबात पटत नाही.

इथपर्यंत रविवारी लिहून ठेवलं होतं. नंतर ओएफएच्या साइटवर रेवाचा नंबर टाकून पाहिला, तर 'माइल्ड' हा निकाल सगळ्यांना दिसतोय. वाईट निकाल मालकाने परवानगी दिल्याशिवाय ते उघड करत नाहीत. अर्ज बाईंनी भरला होता, म्हणजे निकाल कळायच्या आधीच त्यांनी ती परवानगी देऊन ठेवली होती. त्यांच्याच केनेलच्या नावाखाली, पुढचं गिऱ्हाईक पाहील अशा ठिकाणी. त्याच जोडीचं ठरलेलं पुढचं वेतही त्यांनी रद्द केलं. फोन केला, तर १,५०० ची मागणी सोडल्याचं त्यांनी आपणहून सांगितलं.

शिवाय आम्ही महिनाभर पुण्याला गेलो तेव्हा रेवा त्यांच्याकडे होती. बोर्डिंगवाले दिवसाला ५० डॉलर घेतात, बाईंनी एक पैसा घेतला नाही. परत आलो तर नखं कापलेली, वजन आटोक्यात, दोरीवर नीट चालणारी. पहिल्यांदा हीटवर (माजावर) आली तेव्हा रात्री अकराला फोन उचलून सगळं समजावलं त्यांनी. पेट शॉपमधून आणलेल्या पिल्लासोबत असं माणूस मिळत नाही.

त्यामुळे को-ओनरशिप घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण सही करण्याआधी विचारा: तपासणीत नापास झाली, गाभ राहिली नाही, वेतात सिझेरियन लागलं, तर नाव कोणत्या तारखेला निघेल आणि बिल कोण भरेल? उत्तर तोंडी नको, तारखेसकट लेखी घ्या. 'तसं काही होत नाही हो' म्हणणाऱ्याकडून पूर्ण किंमत देऊन पिल्लू घेतलेलं बरं.

आमची गाडी आता फक्त स्पेपाशी अडली आहे. हीट नुकतीच संपली, त्यामुळे डॉक्टर दोन-तीन महिने थांबा म्हणतात. बाईंना दाखला आधी हवा, मला सही आधी हवी. सही केलेला फॉर्म डॉक्टरांकडे बंद पाकिटात ठेवा आणि ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी तो मला द्यावा, असं मी कळवलंय. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.