प्रिपोझिशन: यादी पाठ करावी की वाक्यांतून शिकावे?

इंग्रजीत 'डिपेंड'पुढे 'ऑन', 'रीझन'पुढे 'फॉर' अशी ठरावीक प्रिपोझिशन (शब्दयोगी अव्यये) येतात. अशा जोड्यांची यादी झटपट पाठ होते. पण बोलताना मराठी आडवी येते: 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ', 'त्याबद्दल चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट'. बरोबर रूपे 'मॅरीड टू' आणि नुसते 'डिस्कस'. शिवाय 'डिमांड' नाम असेल तर 'फॉर' लागतो. क्रियापद असेल तर मागितलेली वस्तू थेट येते. हा फरक वाक्यातच नीट कळतो.

वाक्यांना वेळ मात्र जास्त लागतो. एका शब्दाची तीन वाक्ये लिहा, दुसऱ्या दिवशी प्रिपोझिशन झाकून पुन्हा भरा. लक्षात राहते ते असेच.

परीक्षा आठवड्यावर आली असेल तर यादी, तीही हमखास चुकणाऱ्या जोड्यांचीच. रोजच्या बोलण्या-लिहिण्यासाठी वाक्येच.