आबांच्या चहातली पावडर आणि दहा मिलीची सिरिंज

गिळायला त्रास होणाऱ्या माणसाचं चहापाणी घट्ट करायला घालायची पावडर, जिला थिकनर म्हणतात, ती आम्ही गेले पाच महिने घरात वापरतोय. दोन कंपन्यांच्या वापरून झाल्या. पावडरीला मी पाचपैकी तीन देईन. तिच्यासोबत लागणाऱ्या साध्या दहा मिलीच्या सिरिंजला पाचपैकी पाच. का, ते सविस्तर सांगते, कारण ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना यातलं निम्मंही डब्यावर वाचायला मिळत नाही.

आबा माझे सासरे, वय 74. लालबागच्या चाळीत आयुष्य गेलं, उमेदीची वर्षं गिरणीच्या साचेखात्यात. चहा कपातून बशीत ओतायचा आणि फुरके मारत प्यायचा, दिवसातून चारदा. त्यांना अर्धांगाचा झटका आला. हॉस्पिटलातून घरी सोडताना नाकातली नळी काढली आणि सांगितलं, ‘काही दिवस पातळच द्या, गिळायला सोपं जाईल.’ मी मनापासून तेच केलं. नारळपाणी, ताक, भाताची पेज, वरणाचं पाणी. दर दोन घोटांना ठसका. ठसका लागला की सगळ्या घरांत करतात तेच आम्ही करायचो, पाठीवर हात फिरवायचा आणि ‘आबा, वर बघा, वर बघा.’ बाराव्या दिवशी ताप चढला. छातीत इन्फेक्शन. पुन्हा अॅडमिट. कोणाच्या हातून झालं म्हणाल तर माझ्याच, पण मला कोणी दुसरं काही सांगितलंच नव्हतं, याचा राग अजून गेलेला नाही.

नंतर दादरला एक स्पीच थेरपिस्ट भेटल्या. मला वाटायचं, स्पीच थेरपी म्हणजे बोबड्या मुलांसाठी. पण आवाज, बोलणं आणि गिळणं या तिन्हींचा रस्ता घशातून एकत्रच जातो, त्यामुळे गिळण्याचे आजारही हीच माणसं बघतात. मॅडमनी माझं बोट आबांच्या कंठमण्यावर ठेवलं आणि आबांना आवंढा गिळायला सांगितला. कंठमणी जेमतेम हलला. मग म्हणाल्या, ‘आता स्वतःचा गिळून बघा.’ माझ्या बोटाखाली तो टुणकन वर गेला आणि खाली आला. त्या सेकंदाभरात श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेवर झाकण पडतं आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. झटक्यानंतर आबांचं हे सगळं उशिरा सुरू होत होतं. पाणी मात्र थांबत नाही. दार लागायच्या आत ते खाली पोचलेलं असतं. म्हणजे जे आपण सोपं समजून देत होतो, तेच सगळ्यात अवघड होतं. आणि ‘वर बघा’ म्हणून मान मागे टाकली, की श्वासनलिकेचा रस्ता आणखीच मोकळा.

मग चालत्या एक्स-रेवर गिळण्याची तपासणी झाली. बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ, घातलेलं पाणी चमचाभर, मग तेच घट्ट करून, मग बेरियम लावलेला बिस्किटाचा तुकडा. पडद्यावर काळी रेघ खाली उतरताना मी डोळ्यांनी पाहिली. पातळ पाण्याची एक बारीक धार पुढच्या नळीत, श्वासाच्या नळीत गेली. आणि आबा खोकले नाहीत! मी सगळ्यात जास्त त्या क्षणी घाबरले. ठसका लागला नाही म्हणजे नीट गिळलं, असं धरून चालायचं नाही. तपासणी तिथेच थांबली नाही. हनुवटी छातीकडे झुकवून पुन्हा घोट दिला, मग थोडं घट्ट करून दिला, आणि कशाने रेघ सरळ जाते ते शोधलं. नुसता दोष शोधायचा नाही, उपायही त्याच पडद्यावर करून बघायचा, ही पद्धत अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधक जेरी लोगमन यांनी रुळवली. त्यांचं या विषयावरचं पुस्तक 1983 सालचं, त्या 2014 मध्ये गेल्या. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतल्या चहापर्यंत त्यांचं काम पोचलंय.

आबांसाठी उत्तर निघालं: पातळी दोन, हनुवटी खाली.

पातळी म्हणजे काय, तर आयडीडीएसआय नावाची एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, 0 ते 7. शून्य म्हणजे साधं पाणी, सात म्हणजे नेहमीचं जेवण. पेयाची पातळी घरी मोजता येते. सिरिंजची सुई आणि दट्ट्या काढायचा, खालच्या टोकावर बोट धरायचं, चहा दहाच्या रेघेपर्यंत भरायचा, बोट काढून दहा सेकंद वाहू द्यायचा, पुन्हा बोट. आत एक मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी शून्य, एक ते चार उरलं तर एक, चार ते आठ उरलं तर दोन, आठच्या वर उरलं तर तीन, थेंबही गळला नाही तर चार. सिरिंज घेताना शून्य ते दहा या रेघांमधलं अंतर पट्टीने मोजा, 61.5 मिलिमीटर हवं. मी मेडिकलवाल्याच्या काउंटरवरच मोजलं. कंपनीगणिक नळीची जाडी बदलते आणि सगळं गणित चुकतं.

आता पावडर. पहिला डबा स्टार्चचा होता, स्वस्त. चहाला पिठूळ चव, आणि कप ठेवून दिला की आणखी घट्ट. हे चाललं असतं. पण एकदा आबांनी तोंडातला चमचा पुन्हा कपात घातला आणि अर्ध्या कपानंतर चहा पाण्यासारखा झाला. लाळेत स्टार्च पचवणारा रस असतो, त्याने घट्टपणा मोडला होता. दुसरा डबा झँथन गमचा, म्हणजे एका प्रकारच्या डिंकाचा. लाळेने पातळ होत नाही, चवही कमी बिघडते, पण जवळपास दुप्पट महाग आणि जिभेला बुळबुळीत. म्हणून डब्यावरचं नाव नका बघू, घटक वाचा. दुधाच्या चहात पावडर उशिरा फुलते, तेव्हा लगेच आणखी अर्धा चमचा टाकायचा मोह आवरा. काट्याच्या चमच्याने ढवळत भुरभुरवा, नाहीतर गुठळ्या होतात. ज्या उष्णतेला प्यायचा, त्याच उष्णतेला सिरिंज लावा.

पावडरीचे दोन गुण आणखी कशामुळे कापले, तेही सांगते. आबा पाणी कमी पितात. घट्ट पाण्याने तहान भागत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं असावं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पार्किन्सन्स आणि स्मृतिभ्रंशाचे 515 रुग्ण होते. पातळ पेय हनुवटी झुकवून पिणारे आणि घट्ट पेय पिणारे, यांच्यात न्यूमोनियाच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. अंगातलं पाणी कमी होणं मात्र घट्टवाल्यांत जास्त. आबांचा आजार वेगळा, पण मी तेव्हापासून त्यांच्या पाण्याची वही ठेवते. गोळ्या घट्ट पाण्यातून देण्याआधीही डॉक्टरांना विचारा, काहींचा परिणाम उशिरा होतो. आणि दोन्ही वेळा दात आणि जीभ स्वच्छ हवीच. तोंडातले जंतू लाळेबरोबर छातीत गेले तर पावडर काय करणार?

जेवणासाठी पावडर लागतच नाही. नाचणीची आंबील सिरिंजने मोजून तीनवर आणता येते. वरणभात मात्र फसवतो, पाणी पुढे पळतं आणि भात मागे राहतो. आम्ही तो तूप घालून मिक्सरमधून एकजीव करतो. पोहे बंद, शितं घशात विखुरतात.

रोज दुपारी आबा चटईवर उताणे पडून, खांदे न उचलता डोकं उचलतात आणि पायाची बोटं बघतात. एक मिनिट धरायचं, असं तीनदा. सुरुवातीला वीस सेकंदांत मान थरथरायची. हा व्यायाम मानेचं दुखणं असलेल्यांनी विचारल्याशिवाय करू नये.

मॅडमनी दुसऱ्या भेटीत आबांचा घरचा कप आणि बशी मागवून घेतली होती. उंच कपातला शेवटचा घोट घ्यायला मान मागे जाते, बशीला जात नाही, म्हणून बशी ठेवायला सांगितली. फुरका बंद, कारण त्यात चहा हवेबरोबर आत खेचला जातो. ‘फुरक्याशिवाय बशी कसली, पोरी?’ आबा मला म्हणाले. पण ऐकतात. तीन घोटांनंतर ‘आ’ म्हणतात, आवाज ओला, घरघरीत आला तर मी थांबवते.

गेल्या महिन्यात पुन्हा तपासणी झाली आणि आम्ही दोनवरून एकवर आलो. सिरिंजची दहा सेकंदं आता आबाच मोजतात, मोठ्याने, आणि मी बोट लावलं की विचारतात, ‘किती उरला?’ आज सकाळी साडेतीन उरला होता.