भाजलेल्या हातासाठी सिल्व्हर सल्फाडायझिन मलम : आठ दिवसांचा अनुभव

भाकरी उलटताना आईच्या मनगटाला तापलेला तवा लागला आणि रुपयाएवढे दोन फोड आले. शेजारून हळद आणि टूथपेस्ट लावण्याचे सल्ले आले. आम्ही मात्र हात वीस मिनिटे नळाखाली धरला आणि डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम लिहून दिले आणि प्रत्येक वेळी आधीचे मलम धुऊन काढूनच नवा थर लावायचा, असे बजावले.

लावताच गारवा वाटतो आणि गॉझ जखमेला चिकटत नाही, हे याचे मोठे गुण. तिसऱ्या दिवशी जखमेवर पिवळसर पापुद्रा दिसला आणि तो पू समजून आम्ही घाबरलो. प्रत्यक्षात तो मलम आणि जखमेतला स्राव मिळून तयार झालेला थर होता.

या औषधाचे मूळ कापडाच्या रंगात आहे, हे चादरींच्या सोलापुरात सांगताना मला विशेष आनंद होतो. जर्मनीत बायरच्या प्रयोगशाळेत गेरहार्ड डोमाक यांनी १९३२ मध्ये प्रॉन्टोसिल या लाल रंगद्रव्याने उंदरांमधला स्ट्रेप्टोकोकस या जंतूचा संसर्ग रोखला. हा गुण रंगाचा नसून शरीरात त्यातून सुटणाऱ्या सल्फानिलामाइडचा आहे, हे १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांजवळ सल्फाच्या, म्हणजे सल्फानिलामाइडच्या गटातील औषधांच्या, भुकटीची पाकिटे असत आणि ती भुकटी थेट जखमेत टाकली जाई. परंतु पू आणि मृत ऊतींमधील द्रव्ये सल्फाला निष्प्रभ करतात, त्यामुळे आधी जखम नीट साफ करण्याला पर्याय नाही, हे सर्जनांना अनुभवाने कळले. डॉक्टरांनी धुण्यावर एवढा भर का दिला, ते मला हे वाचल्यावर उमगले. चार्ल्स फॉक्स यांनी १९६० च्या दशकात सल्फाडायझिन या सल्फा गटातल्याच औषधाला चांदीची जोड दिली आणि या मलमात जंतू मारण्याचे मुख्य काम चांदीच करते.

तरीही डॉक्टरांना न विचारता हे वापरू नये. वरवरच्या भाजण्यात याने जखम भरायला उशीर लागू शकतो, आणि सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना, गरोदरपणाच्या शेवटच्या काळात व दोन महिन्यांखालील बाळांना ते देत नाहीत. आम्ही पहिल्यांदा गेलो त्या मेडिकलमध्ये ॲलर्जीविषयी कोणी विचारलेही नाही, याचे मला वाईट वाटले. मलम काळवंडले असेल तर ट्यूब टाकून द्यावी. चांदीमुळे ते उजेडात काळे पडते.