काच फोडून चोरी झाल्यानंतर मुलाची कार सीट: साफ करावी की बदलावी?

रस्त्यालगत उभ्या असलेल्या गाडीची काच फोडून लॅपटॉपची बॅग पळवली गेली, की पोलीस तक्रार, विमा आणि नवी काच यांच्या धावपळीत मागच्या आसनावरची मुलाची सीट बहुधा नुसती झटकून पुन्हा वापरात येते. सीटला अपघाताचा धक्का बसलेला नसतो हे खरे, पण येथे काळजी काचेची करायची आहे. दाराची काच सामान्यतः टफन्ड (उष्णता देऊन कणखर केलेली) असल्याने तिचे साबुदाण्याएवढे दाणे होतात, आणि त्यांच्यासोबत उडालेली बारीक कच कव्हरखाली, थर्माकोलच्या थरात आणि बकलच्या फटीत जाऊन बसते.

सीट साफ करून वापरण्यात पैसे वाचतात, परंतु मेहनत आणि बारीक नजर लागते. माहितीपुस्तिकेनुसार कव्हर काढावे, सीट पांढऱ्या चादरीवर उलटी करून थोपटावी, व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा आणि अंधारात टॉर्च आडवी धरून चमकणारे कण शोधावेत. पट्टे ओल्या फडक्याने, सौम्य साबणाने पुसावेत. ते मशीनमध्ये धुऊ नयेत आणि बकलमध्ये तेलही सोडू नये. बकल दरवेळी स्पष्ट ‘टक्’ आवाज करून बसत नसेल, पट्टा ओढून घट्ट केल्यावर सरकत असेल किंवा त्याचा एखादा धागा जरी कापलेला दिसला, तरी हा पर्याय तेथेच संपतो, कारण अपघातात मुलाचा सगळा भार त्या पट्ट्यावरच येतो.

फक्त कव्हर आणि पट्टे बदलण्याचा मधला मार्ग कंपनी मूळ सुटे भाग देत असेल तरच विचारात घ्यावा. त्यातही बकल आणि थर्माकोल जुनेच राहते.

नवी सीट महाग पडते, पण शंका उरत नाही. सीटच्या बाजूची काच फुटली असेल, मूल तान्हे असेल किंवा सीटवर छापलेली वापराची मुदत संपत आली असेल, तर मी नवीच घेण्याच्या बाजूने आहे. दूरच्या दाराची काच फुटली असेल आणि तपासणीत काही आढळले नाही, तर साफसफाई पुरेशी ठरू शकते. मात्र काही उत्पादक अशा वेळी सीट बदलायला सांगतात, तर काही साफ करण्याची रीत कळवतात, त्यामुळे मॉडेल क्रमांक देऊन कंपनीला विचारावे आणि तिचे उत्तर अंतिम मानावे. नवी घेताना आर१२९ (संयुक्त राष्ट्रांचे) किंवा एआयएस-०७२ (भारतीय) ही बालसीटच्या सुरक्षेची मानके पाहावीत. कोणाची तरी वापरलेली सीट हा पर्याय नव्हेच. तिचा पूर्वेतिहास कळत नाही.

सीट बदलेपर्यंत मुलाला मांडीवर घेऊन प्रवास करणे धोक्याचे आहे, शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालसीटविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे. विम्याचा दावा करायचा असेल तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) पाहेपर्यंत जुनी सीट टाकू नये, फोटो काढून ठेवावेत, आणि नंतर टाकताना तिचे पट्टे कापून टाकावेत, म्हणजे ती भंगारातून दुसऱ्या कोणाच्या गाडीत जाणार नाही.