मुंबई सोडून नाशिक? भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून बघितल्यावरचा रिव्ह्यू

डोंबिवली, कल्याण, ठाण्यातले जे लोक "नाशिकला शिफ्ट होऊया का" या विचारात आहेत त्यांच्यासाठी लिहितेय. आमच्या घरी हा विषय बरीच वर्षं चालू होता आणि दर ट्रिपनंतर जोर धरायचा, कारण शनिवार-रविवार गेलं की नाशिक कुणालाही आवडतं, मिसळ खाल्ली, वाईनरीत फोटो काढले, त्र्यंबकचे ढग बघितले आणि रविवारी रात्री घरी. पण त्यावरून बिऱ्हाड हलवायचं नसतं. म्हणून गंगापूर रोडला एक फर्निश्ड टू बीएचके महिन्याच्या भाड्याने घेतला, तोही मुद्दाम मे महिन्यात, लेकीला सुट्टी होती, मला बरेचसे दिवस घरून काम होतं आणि उन्हाळा निभला तर बाकीचे ऋतू निभतीलच असा हिशोब. पुढे पावसात आणि थंडीतही जाऊन राहिलो. आता आधी फ्लॅटबद्दल सांगते, मग शहराबद्दल.

फ्लॅट चांगला होता. २५ हजारांच्या आसपास भाडं, लाईटबिल वेगळं, एक महिन्याचं डिपॉझिट. हवेशीर, दोन बाल्कन्या, समोर गुलमोहर, सकाळी पालिकेचं पाणी वेळेवर आणि मे असूनही टँकर एकदाही आला नाही, हे डोंबिवलीच्या माणसाला किती मोठं वाटतं ते तिथल्यालाच कळेल. पण "फुल्ली फर्निश्ड" म्हणजे दोन दिवस राहणाऱ्या पाहुण्यांसाठी फर्निश्ड, संसारासाठी नाही. किचनमध्ये मायक्रोवेव्ह होता, टोस्टर होता, कॉफीचे सहा मग होते, परात नव्हती. तवा एकच आणि तो नॉनस्टिक, त्यावर भाकरी कशी करायची? शेजारच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी त्यांचा लोखंडी तवा आणि वर वाटीभर लोणी आणून दिलं, "राहू द्या हो, जाताना द्या परत" म्हणाल्या, आणि खरं सांगू का, शहराबद्दल माझं निम्मं मत तिथेच झालं होतं.

तक्रार एजंटबद्दल आहे. नाव घेत नाही. जाताना डीप क्लीनिंग आणि भिंतीवरचे डाग असं सांगून डिपॉझिटमधून बरीच रक्कम कापली, डाग आम्ही यायच्या आधीपासून होते आणि त्याचे फोटो माझ्याकडे होते म्हणून भांडून अर्धे परत मिळाले. महिन्यासाठी कशाला अ‍ॅग्रीमेंट असं त्याचं म्हणणं होतं पण आम्ही हट्टाने लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करून घेतलं होतं, ते होतं म्हणूनच तो नरमला. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने हे रजिस्ट्रेशन बंधनकारकच आहे, ऑनलाईन होतं, कितीही कमी मुदतीसाठी राहणार असाल तरी करून घ्या आणि पहिल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढून ठेवा. फ्लॅटला पाचपैकी साडेतीन, एजंटला शून्य.

आता शहर. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, कधी वर जातो, "नाशिक म्हणजे थंड हवेचं ठिकाण" असं कुणी सांगत असेल तर ते जुनं नाशिक. पण हा उन्हाळा मुंबईच्या उन्हाळ्यासारखा नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर, हवा कोरडी, त्यामुळे दुपारी बारा ते पाच बाहेर पडायचं नाही हे खरं, पण सावलीत गेलं की लगेच बरं वाटतं आणि रात्री गार वारा सुटतो. एसी एकाच बेडरूममध्ये होता, हॉलमध्ये कूलर. डोंबिवलीत कूलर लावला की दमट हवा आणखी दमट होऊन जीव घुसमटतो, इथे कोरड्या हवेत तोच कूलर मस्त चालतो, पाणी भरत राहायचं एवढंच काम. सासूबाई सुरुवातीला कुरकुरत होत्या, नंतर रोज कूलरसमोर खुर्ची टाकून पेपर वाचायला लागल्या. थंडीत मात्र स्वेटर-शाली सगळं लागतं, शेजारच्या निफाडचा पारा तर राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, शहरातही पहाटे चांगलंच कुडकुडायला होतं.

ज्यांना ऑफिस मुंबईतच ठेवायचंय त्यांनी पुढचा भाग नीट वाचा कारण सगळा निर्णय इथे फिरतो. पंचवटी एक्सप्रेस १९७५ पासून धावतेय आणि नाशिकच्या कित्येक घरांचा संसार तिच्यावर चाललाय. सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोड, दहाच्या आसपास ठाणे, पुढे दादर, सीएसएमटी. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला सीएसएमटीहून सुटते आणि नाशिकरोडला पोचेपर्यंत पावणेदहा. पासवाल्यांचा डबा हा एक वेगळाच मोहल्ला आहे, जागा ठरलेल्या, वाढदिवस साजरे होतात, कोण आज आला नाही याची चौकशी होते, मला पहिल्याच दिवशी एका ताईंनी सरकून जागा दिली आणि कसाऱ्यापर्यंत मुलीच्या शाळेपासून फ्लॅटच्या भाड्यापर्यंत सगळी माहिती दिली. माणसं सोन्यासारखी. पण गणित बघा, स्टेशन नाशिकरोडला आहे, गंगापूर रोडपासून बारा-तेरा किलोमीटर, म्हणजे सहाला घर सोडायचं आणि रात्री साडेदहाला ताट वाढायचं. आठवड्यातून एकदा करा, दोनदा करा, छान वाटतं, पुस्तक वाचून होतं, घाट बघून होतो. रोज करणारे लोक आहेत आणि त्यांना माझा नमस्कार, पण तुम्ही चांगल्या लाईफस्टाईलसाठी शहर बदलत असाल आणि पाच दिवस ऑफिसला जावं लागणार असेल तर सरळ सांगते, नका जाऊ. आणि पावसाळ्यात कसारा घाटात काही झालं की सगळंच वेळापत्रक कोलमडतं हेही धरून चाला. शिर्डीची वंदे भारत नाशिकरोडला थांबते पण ती सकाळी मुंबईहून निघणारी, आपल्या उलट्या दिशेची, ऑफिसला तिचा उपयोग शून्य.

गाडीने जाणाऱ्यांना समृद्धी महामार्गाचा फायदा झालाय, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, कसारा घाट टळतो, इगतपुरीजवळचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा संपला की उतरलोच आपण. पण नाशिक ते इगतपुरी जुनाच हायवे आणि आमणेला उतरलं की पुढे भिवंडी-ठाण्याचा ट्रॅफिक तुमची वाट बघतच असतो. घाटात वाचलेली वेळ कधी टिकते कधी भिवंडीत जाते. टू-व्हीलर समृद्धीवर चालत नाही.

शहरात फिरायचं तर टू-व्हीलर हवीच. सिटीलिंकच्या बसेस २०२१ मध्ये सुरू झाल्या, स्वच्छ आहेत, पण आतल्या कॉलन्यांमधून बस मिळायला वाट बघावी लागते, आणि रिक्षावाले मीटर टाकत नाहीत, आकडा आधी ठरवायचा. ज्याला स्टेशनबाहेर पडलं की दोन मिनिटांत रिक्षा मिळायची सवय आहे त्याला हे जड जातं, विशेषतः घरातल्या ज्येष्ठांना, त्यांचं बाहेर पडणं दुसऱ्याच्या सोयीवर अवलंबून राहतं. सासूबाईंना डोंबिवलीत एकटीने मंदिर, भाजी, भिशी सगळं जमायचं. इथे ते पायी जमेल असंच घर शोधायचं हे आम्ही तेव्हाच ठरवलं.

संध्याकाळ मात्र नाशिकची. नवरा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकला जायला लागला, लेक सायकल शिकली. सायकलचं वेड या शहराला खरंच आहे, इथल्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल रेस पूर्ण केली तेव्हापासून तर जास्तच, पहाटे गंगापूर धरणाच्या रस्त्याला घोळके दिसतात. पांडवलेणी चढायला सकाळी आजी-आजोबांपासून सगळे. पण गंगापूर रोडच्या बाहेरच्या टोकाला ऊस आणि मळे आहेत आणि बिबट्या खरोखर येतो, अगदी कॉलनीतसुद्धा येऊन गेलाय, अंधारात मुलांना एकटं पाठवू नका.

खाण्याबद्दल लिहायला बसले तर थांबणार नाही. मिसळीबरोबर पापड, वर दही, काळा किंवा लाल रस्सा आणि मळ्यात खाटेवर बसून खायचं, हे सगळ्यांना माहितीय. रोज राहायला लागल्यावर जे कळलं ते भाजीचं. संध्याकाळी मळ्यातून थेट आलेली मेथी, देठ मोडला तर कट्कन मोडतो आणि मुळाला ओली माती, दोन दिवसांनीही फ्रीजमध्ये तशीच. कोथिंबिरीची जुडी हातात मावत नाही. फेब्रुवारीत द्राक्षं इतकी की शेजारी डबे भरून आणून देतात. बुधवारचा गंगाघाटावरचा बाजार एकदा बघाच. मेनरोडचा साबुदाणा वडा, कोंडाजीचा चिवडा, बुधाची जिलेबी, उलटा वडापाव, हे हळूहळू करा, घाई नको. पण रात्री साडेदहानंतर काही हवं असेल तर पर्याय कमी, मुंबईसारखं रात्री एकला जागं असलेलं शहर नाही हे.

नाटक-पुस्तकवाल्यांसाठी, सार्वजनिक वाचनालय १८४० चं आहे, अजून चालू आहे, कालिदास कलामंदिरात नाटकं लागतात, कुसुमाग्रज स्मारकात कार्यक्रम. मुंबईइतके प्रयोग नाहीत पण तिकीट मिळतं आणि पंधरा मिनिटांत घरी येता. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी उघडतात, रंगाच्या पाण्याने भरलेले ते दगडी हौद आणि त्यात धपाधप उड्या मारणारी पोरं, हे मी दुसऱ्या कुठल्याच शहरात बघितलेलं नाही.

दुखणारी गोष्ट गोदावरीची. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम, तिथून नाशिक तीस किलोमीटरसुद्धा नाही, आणि एवढ्या अंतरात नदीची ही अवस्था? रामकुंडाच्या खाली गेलात की पाणवेली, नाल्यांचं पाणी, वास. मला याचा खरंच त्रास होतो कारण या शहराचं सगळं नदीवर उभं आहे, मंदिरं, बाजार, द्राक्षं, सगळं. आता सिंहस्थ जवळ आलाय, मागचा २०१५ चा, पुढचा २०२७ चा, त्यामुळे जागोजागी रस्ते खणलेले, द्वारका चौकात आधीच ट्रॅफिक त्यात आणखी भर. साधुग्रामसाठी, म्हणजे सिंहस्थात साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारल्या, आणि असं आपल्या झाडांसाठी भांडणारं गाव मला राहायला आवडेल हे मी घरी बोलून दाखवलं होतं.

नोकरी तिथेच शोधणार असाल तर सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत इंजिनिअरिंगवाल्यांना संधी आहे, ओझरला एचएएलचा विमान कारखाना आहे, पण आयटी, मीडिया, फायनान्स यात पर्याय फार थोडे, आणि पुण्या-मुंबईचा पगार मिळेल अशी आशा धरू नका. नवरा-बायकोपैकी एकाची नोकरी घरून पक्की असल्याशिवाय हे गणित बसत नाही. आणि ही "घरून काम" पॉलिसी लेखी आहे का ते बघा, मॅनेजरच्या तोंडी शब्दावर घर हलवू नका.

एरियाबद्दल सगळे विचारतात म्हणून. झाडं, मोकळी हवा, हॉटेलं पाहिजेत तर गंगापूर रोड, महात्मानगर, पण भाडं जास्त आणि स्टेशन लांब. ट्रेनने जाणार असाल तर उपनगर, जेलरोड, नाशिकरोडचा भाग, तिथे गंगापूर रोडचा थाट नाही पण पहाटेची पाऊण तासाची झोप वाचते. गाडीवाल्यांनी इंदिरानगर, पाथर्डी फाटा बघावं, मुंबईच्या दिशेला लगेच हायवे लागतो. पंचवटीत जुनं गाव, देवळं, बाजार सगळं पायी, पण सिंहस्थाच्या वर्षात तिथे राहायचं म्हणजे गर्दीची तयारी हवी.

आमचं ठरलंय, जातोय. शहराला माझ्याकडून पाचपैकी चार, एक नदीसाठी कापला. डोंबिवलीचं घर विकत नाही, भाड्याने देतोय, आणि नाशिकला उपनगरच्या बाजूला अकरा महिन्यांच्या करारावर घर घेतलंय, देऊळ आणि भाजीबाजार सासूबाईंना पायी जाता येईल असं. माझं ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस, पंचवटीचा पास काढणार. शाळेची अ‍ॅडमिशन झाली, नवऱ्याचं मात्र अजून अंबडला एका ठिकाणी बोलणं चालू आहे. कुणाला उपनगर-जेलरोड भागातल्या शाळांबद्दल किंवा भाड्यांबद्दल विचारायचं असेल तर विचारा, घरं शोधताना त्या भागातल्या जवळजवळ सगळ्या गल्ल्या फिरून झाल्यात.