मिडेल्टची 'गॅलेनावाली गारगोटी' घेण्याआधी हे वाचा

मोरोक्कोत फेसहून मर्झूगाच्या वाळवंटाकडे जाताना वाटेत मिडेल्ट लागतं. एका बाजूला मध्य अ‍ॅटलस, दुसरीकडे उंच अ‍ॅटलस, मधे रखरखीत माळ. गाव सफरचंदांसाठी प्रसिद्ध आहे आणि रस्त्याकडेला मांडलेल्या दगडांसाठीही. मला फसवलं ते या दगडांनी.

गाडी थांबताच "इंडिया? शाहरुख खान!" झालं, पुदिन्याचा चहा आला, आणि मग फडक्यातून नारळाच्या कवडीसारखा अर्धा दगड निघाला. आत काठोकाठ चंदेरी-करडे दाणे, ऊन पडताच लखलखणारे. "गॅलेना, मिब्लादेनच्या खाणीतलं." ८०० दिरहम म्हणाला, ३०० ला दिला. इतक्या सहज उतरला, तिथेच शंका यायला हवी होती म्हणणारे भेटतात. पण घासाघीस तिथे सगळ्याच वस्तूंची होते.

मेख अशी, की त्याच्या बोलण्यातलं जवळजवळ सगळं खरं होतं. मिब्लादेन आणि औलीच्या शिशाच्या खाणी खऱ्या. फ्रेंचांच्या अमलात त्या जोरात होत्या, १९८० च्या दशकात बंद पडल्या. मुलूया नदीच्या घळीत औलीच्या ओस इमारती अजून उभ्या आहेत. आता आसपासचे लोक जुन्या बोगद्यांत शिरून हातानं स्फटिक खणतात, जिवावरचंच काम ते. गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड, तेही अस्सल. पोकळ गारगोटीसुद्धा निसर्गाचीच. फक्त या दोघांची गाठ कारागिरानं घातलेली. गॅलेना फोडायचं, पोकळीला आतून गोंद फासायचा आणि चुरा दाबून बसवायचा! त्यामुळे "हे गॅलेनाच आहे ना?" एवढंच तपासलंत तर उत्तर "हो" येणार आणि तुम्ही निर्धास्त होणार.

पुण्यात भूशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीनं भिंग लावलं आणि हसायलाच लागली. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्या आठवा, किंवा सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात बघा: स्फटिकाचं बूड भिंतीत रुजलेलं असतं आणि टोक पोकळीत येतं. माझ्या दगडात बूडही नव्हतं, टोकही नव्हतं. गॅलेना फुटताना काटकोनात, चौकोनी तुकड्यांत फुटतं. इथे सगळे तसेच ताजे फुटलेले तुकडे, वेडेवाकडे पडलेले, कडेपर्यंत एकसारखे पसरलेले. नेलपॉलिश काढायच्या द्रावणात कापूस बुडवून कडेला धरला, तर दाणे कापसाला चिकटून आले. खाली साधा पांढरट दगड.

पैशांपेक्षा मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. असे सुटे दाणे म्हणजे शिशाच्या खनिजाची भुकटी. तो दगड घरी आल्यापासून भाची खेळायला घ्यायची. तुमच्याकडे असा असेल तर मुलांपासून दूर ठेवा, हाताळल्यावर हात धुवा.

मिब्लादेनचं काही घ्यायचंच असेल तर व्हॅनॅडिनाइट बघा: लालभडक षट्कोनी चकत्या, बऱ्याचदा बॅराइट नावाच्या पांढऱ्या खनिजावर. व्हॅनॅडिनाइटही शिशाचंच खनिज, म्हणजे हात धुणं आलंच. तिथेही निखळलेली चकती परत चिकटवून विकतात, म्हणून लाल-पांढऱ्याचा सांधा भिंगानं तपासा. खिशातलं दहापट भिंग पुरतं. विक्रेता भिंग लावू देईना, तर चहा संपवा, शुक्रान (धन्यवाद) म्हणा आणि गाडीत बसा.