डिफेन्स कंपनीज इंडेक्स: श्रेणी नंतर, आधी मध्यस्थांचं पान

संरक्षण कंपन्यांच्या वेबसाइटवर सचोटीच्या गप्पांना तोटा नसतो. त्यामागे कागद किती आहेत, हे तपासायला ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचारविरोधी संस्थेचा हा निर्देशांक उत्तम, शिवाय फुकट. २०२० च्या आवृत्तीत १३४ कंपन्या दहा विभागांत तपासल्यात. प्रश्नाला ०, १ किंवा २ गुण आणि शेवटी ‘ए’ ते ‘एफ’ अशी श्रेणी.

नुसती श्रेणी पाहिलीत तर फसाल. आचारसंहिता, प्रशिक्षण, तक्रारीची हेल्पलाइन या गोष्टी कागदावर आणणं तुलनेनं सोपं. गुण तिथेही मिळतात. खरी गोम मध्यस्थ आणि ऑफसेट या विभागांत आहे. मध्यस्थ म्हणजे कमिशन घेऊन कंपनीसाठी सौदा जुळवणारे एजंट. ऑफसेट म्हणजे शस्त्रं घेणाऱ्या देशात विक्रेत्यानं बदल्यात करायची गुंतवणूक किंवा खरेदी. ते काम तिसऱ्याच कंपनीकडे गेलं, की तिचा खरा मालक कोण हे बाहेरच्याला कळणं मुश्कील. मध्यस्थांचं म्हणाल तर एअरबसनं जानेवारी २०२० मध्ये फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेशी सुमारे ३.६ अब्ज युरोंची तडजोड केली, ती मुख्यतः मध्यस्थांमार्फतच्या लाचखोरीवरून.

म्हणून निर्देशांकातला त्या कंपनीवरचा अहवाल उघडून थेट मध्यस्थांच्या प्रश्नांवर जा. प्रत्येक गुणाखाली शेरा आणि पुरावा दिलेला असतो. नेमणुकीआधी चौकशी होते एवढंच लिहिलंय, की ती ठरावीक काळानं पुन्हा होते हेही? खऱ्या मालकाची खातरजमा होते? कमिशनला मर्यादा आहे का, पैसे टप्प्याटप्प्यानं आणि स्थानिक बँक खात्यातच जातात का? एकरकमी मोठं कमिशन परदेशी खात्यात गेलं, की त्यातला वाटा पुढे कुणाला पोचला हे शोधणं जवळपास अशक्य होतं.

मोठी उणीव अशी, की २०२० चं मूल्यमापन फक्त जाहीर माहितीवर आहे. आत चोख काम करून गप्प बसणारी कंपनी शून्यावर राहते, आणि कागद सुरेख पण व्यवहार खराब असलेली दोन गुण घेऊन जाते. २०१२ आणि २०१५ च्या आवृत्त्यांत कंपन्यांची अंतर्गत माहितीही धरली होती, त्यामुळे ‘आमची श्रेणी घसरली’ किंवा ‘सुधारली’ असं प्रसिद्धिपत्रक काढणं चूक. पुरावेही त्या वेळचे. धोरण आज जागेवर आहे का, ते कंपनीच्या साइटवर बघावंच लागतं.

जनसंपर्कवाल्यांनी वार्षिक अहवाल लिहिण्याआधी ही प्रश्नावली समोर ठेवावी. प्रत्येक ‘होय’पुढे दस्तऐवजाचं नाव, तारीख आणि जबाबदार पद लिहावं. ‘भ्रष्टाचार अजिबात खपवून घेत नाही’ एवढंच वाक्य हाती असेल तर तिथे ‘नाही’ लिहावं.